नव्याण्णवाचा आग्रह

आपल्या समाजात परीक्षांविषयी जे काही बोलले जाते त्यात परीक्षेच्या स्वरूपाची मीमांसा फार थोडी आणि निकालाची चर्चा फार अधिक असते. व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणासाठी दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी होणारी ‘कॅट’ ही परीक्षा या रीतीला मुळीच अपवाद नाही. अर्ज भरण्याची मुदत सुरू होते न होते तोच घरांतून, वसतिगृहांतून आणि क्लासांच्या जिन्यांवर एकच प्रश्न विचारला जाऊ लागतो, ‘टार्गेट किती?’, आणि त्याचे उत्तरही ठरलेलेच असते: नव्याण्णव. हा आकडा कोठून आला हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते आणि सांगणाऱ्यालाही नसते. परंतु त्याहून कमी काही बोलणे म्हणजे उमेद हरल्याची कबुली देणे, अशी उभयतांची समजूत असल्यामुळे संभाषण तेथेच संपते, आणि ज्या विचाराची खरी गरज होती तो व्हावयाचा राहून जातो. माझे म्हणणे असे की, आपल्याला हवी असलेली संस्था काय मागते, आपली मोजून पाहिलेली कुवत किती आहे आणि हाती मुदत किती उरली आहे, या तीन बाबींचा हिशेब मांडून जो निघेल तोच आकडा ध्येय या नावाला पात्र होतो. या हिशेबावाचून उच्चारलेला नव्याण्णव हा केवळ आग्रह होय.

प्रथम हा आकडा काय मोजतो ते पाहू. पिढ्यानपिढ्या आपल्या मनावर मॅट्रिकच्या परीक्षेने जो संस्कार केला आहे, तो स्थिर मर्यादेचा आहे. पस्तीस गुण मिळाले की उत्तीर्ण, साठ टक्के मिळाले की प्रथम वर्ग. शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा किती हुशार आहे याचा आपल्या उत्तीर्ण होण्याशी काही संबंध नसे. पर्सेंटाइलची जातकुळीच निराळी आहे. परीक्षेस प्रत्यक्ष बसलेल्या उमेदवारांपैकी शेकडा किती जण आपल्या मागे राहिले, एवढेच तो सांगतो. आपण किती शिकलो याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे ३ लाख २९ हजार उमेदवारांनी नोंदणी केली आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष बसले. या हिशेबाने नव्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे पहिल्या २,९३० जणांत येणे, पंचाण्णव म्हणजे पहिल्या १४,६५० जणांत येणे, आणि नव्याण्णव दशांश नऊ म्हणजे अवघ्या २९३ जणांत येणे. पूर्ण शंभर पर्सेंटाइल त्या वर्षी फक्त १४ जणांच्या वाट्यास आला. तेव्हा मुलाला पंच्याऐंशी पर्सेंटाइल मिळाला हे ऐकून आनंदणारा बाप आणि नव्याण्णवाऐवजी सत्त्याण्णव मिळाला म्हणून अबोला धरणारा बाप, हे दोघेही एकाच भ्रमाचे बळी असतात: आकड्यामागची माणसे त्यांना दिसत नाहीत.

या आकड्याचा दुसराही एक गुणधर्म आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ उमेदवारांच्या अभ्यासाचे नियोजन बिघडते. गुण आणि पर्सेंटाइल यांची वाढ एका प्रमाणात होत नाही. मधल्या भागात, जेथे उमेदवारांची दाटी असते, तेथे थोडेसे गुण वाढले तरी माणूस हजारोंना मागे टाकतो. शिखराजवळ मात्र विरळ माणसे दूरदूर उभी असल्यामुळे पुष्कळ गुण मिळवूनही दशांशाचीच भर पडते. परिणामी, ज्याने दोन महिन्यांत साठावरून ऐंशीपर्यंत मजल मारली, तो पुढील दोन महिन्यांत ऐंशीवरून शंभराच्या उंबरठ्यावर जाण्याची अपेक्षा बाळगतो, आणि गती मंदावली की स्वतःच्या बुद्धीला किंवा क्लासच्या शिक्षकांना दोष देऊ लागतो. वस्तुतः त्याची गती मंदावलेली नसते. मोजपट्टीवरील खुणाच तेथे विरळ झालेल्या असतात.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप घेतला जाईल. माणसाने ध्येय नेहमी उंच ठेवावे, म्हणजे ते न साधले तरी निम्म्यापर्यंत तरी हात पोहोचतो, असे आपले वडीलधारे सांगत आले. चारित्र्य, विद्या, लोकसेवा यांच्या बाबतीत हा उपदेश शिरोधार्य आहे, कारण तेथे अधिकाची हाव धरल्याने काही तोटा होत नाही. परंतु ज्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला दंड आहे आणि वेळ सेकंदांनी मोजलेला आहे, तेथे ध्येयाचा परिणाम उमेदवाराच्या वर्तनावर होतो. २०२४ च्या परीक्षेत एकंदर ६८ प्रश्न होते: इंग्रजी वाचन व भाषेचे २४, माहितीचे विश्लेषण व तर्क यांचे २२ आणि गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे, आणि एका विभागात उरलेला वेळ दुसऱ्यात वापरण्याची सोय नाही. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण कापला जातो. गणिताच्या विभागात सर्व प्रश्न सोडवावयाचे म्हटले तर प्रत्येकास दोन मिनिटेही मिळत नाहीत. आणि मौज अशी की, अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवणारे उमेदवारही नव्याण्णवापर्यंत पोहोचलेले आहेत. म्हणजे ही परीक्षा सर्व काही येण्याची नाही. काय सोडावे हे समजण्याची आहे.

आता नव्याण्णवाच्या आग्रहाने पछाडलेला उमेदवार परीक्षागृहात काय करतो ते पाहा. त्याच्या मनात हा आकडा म्हणजे जवळजवळ सर्व गुण, असे समीकरण बसलेले असते. म्हणून तो कोणताही प्रश्न हातचा जाऊ देण्यास राजी नसतो. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तर चार वेळांत एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा १-१ गुण जातो, म्हणजे हिशेब शून्यावर येतो; पण उमेदवार डोळे मिटून निवडत नाही. प्रश्नकर्त्याने अर्धवट विचार करणाऱ्यासाठी मुद्दाम रचलेला फसवा पर्यायच त्याला अधिक पटतो, आणि शून्यावर थांबणारा हिशेब तोट्यात जातो. त्याहून मोठा तोटा वेळेचा. तर्काच्या विभागात प्रश्न गटागटांनी येतात; त्यांतील दोन-तीन सोपे गट ओळखून ते निर्दोष सोडवणारा उमेदवार, सर्व गटांना हात लावून एकही पूर्ण न करणाऱ्याच्या पुष्कळ पुढे जातो. अवास्तव ध्येयाने माणूस अधिक कष्ट करतो हे खरे असेलही, पण त्या चाळीस मिनिटांत तो अधिक अविचारी होतो हेही तितकेच खरे. आणि गुण द्यायचे की कापायचे याचा फैसला त्या मिनिटांतच होतो.

आता हिशेबाची पहिली बाब, संस्था. कलकत्ता व अहमदाबाद येथील आयआयएम १९६१ साली निघाल्या, बंगळूरची १९७३ साली. आज त्यांची संख्या विसाच्या वर गेली आहे. नागपूरला २०१५ साली एक संस्था आली, आणि १९६३ पासून औद्योगिक अभियांत्रिकीसाठी नावाजलेली पवईची ‘नीटी’ २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. या साऱ्या संस्था एकाच परीक्षेचे गुण घेत असल्या तरी त्यांचे जमाखर्च एकसारखे नाहीत. कोणी दहावी, बारावी आणि पदवी यांच्या गुणांना मोठे वजन देते, कोणी कामाच्या अनुभवाला, कोणी वर्गात निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी व मुली पुरेशा असाव्यात म्हणून त्यासाठी काही गुण राखते. शिवाय अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी साडेसात, इतर मागास वर्गांसाठी २७ आणि आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के जागा राखीव असल्यामुळे प्रत्येक प्रवर्गाची मर्यादा वेगळी पडते. संस्था जी किमान अर्हता जाहीर करतात ती आणि मुलाखतीचे बोलावणे प्रत्यक्षात ज्या अंकावर येते तो, यांत पुष्कळ अंतर असते. किमान अर्हतेलाच ध्येय समजणारा उमेदवार देवडीवरच राहतो. उलट, ज्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेत साठ टक्के आहेत त्याला काही संस्था साडेनव्याण्णवालाही बोलावणार नाहीत, कारण तो दस्तऐवज आता बदलता येत नाही. आणि त्याच उमेदवाराला एखादी तितकीच उपयुक्त संस्था त्याहून कमी अंकावर बोलावील. दोघांनाही एकच आकडा सांगणे म्हणजे दोन भिन्न रोग्यांना एकच पुडी देणे होय.

महाराष्ट्रातील उमेदवाराला हा भेद आणखी एका ठिकाणी प्रकर्षाने जाणवतो. राज्याच्या सीईटी कक्षाकडून व्यवस्थापनासाठी जी परीक्षा घेतली जाते, तिच्यात दोनशे प्रश्न दीडशे मिनिटांत सोडवावयाचे असतात, म्हणजे प्रश्नास पाऊण मिनिट. आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. येथे प्रश्न सोडणे हे शहाणपण ठरत नाही, उलट एकही कोरा ठेवणे ही चूक ठरते. शिवाय मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्थापिलेल्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी या परीक्षेवरून केंद्रीय फेरीतून जे प्रवेश होतात, त्यांत मुलाखत नसते आणि जुन्या गुणांचे वजनही नसते. परीक्षेचा अंक हाच सर्वेसर्वा. तेथे खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला नव्याण्णव पुरत नाही. दशांशानंतरच्या अंकांवर भांडण असते. म्हणजे कॅटसाठी जो उमेदवार वाजवी विचाराने सत्त्याण्णवाचे ध्येय ठेवील, त्याच उमेदवाराला चर्चगेटच्या त्या संस्थेत जावयाचे असल्यास नव्याण्णवाच्या वरचे, अधिक कठोर ध्येय ठेवणे भाग आहे. वास्तव ध्येय हे खालचेच असते, अशी जी समजूत आहे ती येथे कोसळते. कित्येकदा हिशेब मांडल्यावर आकडा वर सरकतो.

परदेशी अथवा हैदराबादच्या आयएसबीसारख्या संस्थेत जाणाऱ्यांसाठी असलेल्या ‘जीमॅट’ परीक्षेची तऱ्हा आणखी निराळी. तेथे २०५ ते ८०५ अशी मोजपट्टी आहे, आणि संस्था आपल्या वर्गाच्या सरासरी गुणांचा आकडा प्रसिद्ध करतात. उमेदवार त्या सरासरीलाच उंबरठा समजतात. परंतु सरासरीच्या खाली गुण असलेलेही पुष्कळ विद्यार्थी त्याच वर्गात बसलेले असतात, हे साधे अंकगणित ते विसरतात. त्यातच २०२३ च्या अखेरीस ही मोजपट्टी बदलली, आणि जुन्या मोजपट्टीवरचे सातशे आता साडेसहाशेच्या जवळपास येतात. तरीही थोरल्या भावाच्या सातशेशी धाकट्याची तुलना चालूच राहते.

हिशेबाची दुसरी बाब म्हणजे स्वतःचे मोजमाप. येथे आत्मवंचनेला फार वाव आहे. सराव परीक्षा, ज्यांना मुले ‘मॉक’ म्हणतात, त्या दहा दिल्या तर उमेदवार दहांपैकी सर्वांत चांगला अंक लोकांना सांगतो आणि काही दिवसांनी स्वतःही तोच खरा मानू लागतो. वास्तविक त्या दिवशी आवडते उतारे आले होते, झोप नीट झाली होती, दोन अंदाज लागले होते; या योगायोगांची पुनरावृत्ती ठरलेल्या रविवारी होईलच असे नाही. म्हणून सर्वोत्तम अंक बाजूस ठेवून शेवटच्या पाच-सहा सराव परीक्षांची सरासरी घ्यावी, आणि त्यांतला सर्वांत खालचा अंकही नोंदवून ठेवावा, कारण वाईट दिवशी आपण किती खाली जातो हे कळल्याखेरीज आपली कुवत कळत नाही. शिवाय सराव परीक्षेतला पर्सेंटाइल हा त्या क्लासच्या विद्यार्थ्यांमधला असतो, साऱ्या देशातल्या उमेदवारांमधला नव्हे. तो जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. त्याऐवजी किती प्रश्न हाती घेतले, त्यांतले किती बरोबर आले आणि चुकले ते का चुकले, ही तपशीलवार नोंद अधिक विश्वासार्ह. क्लासांच्या जाहिरातफलकांवर जे चेहरे झळकतात ते यशस्वी झालेल्यांचे असतात. त्यांच्याच शेजारी बसून तेवढेच कष्ट केलेल्या इतरांचे चेहरे तेथे नसतात. त्या फलकावरून स्वतःची संभाव्यता काढणारा उमेदवार अर्धेच दफ्तर वाचून निकाल देत असतो.

तिसरी बाब मुदतीची. सर्व विभागांतली प्रगती सारख्या वेगाने होत नाही. शेकडेवारी, वेळ-काम-वेग, गुणोत्तर यांसारख्या अंकगणिताच्या प्रकरणांत दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावाने लक्षणीय फरक पडू शकतो. इंग्रजी उताऱ्यांचे तसे नाही. ज्याचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि ज्याने अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांवरचे इंग्रजी लेखन यापूर्वी वाचलेले नाही, त्याला ती सवय लागण्यास वर्षभरही लागू शकते. ऑक्टोबरात जागे होऊन नोव्हेंबरात ती उणीव भरून निघत नाही. पुष्कळ संस्था एकूण अंकाबरोबर प्रत्येक विभागाची स्वतंत्र मर्यादाही पाहतात, त्यामुळे गणितातला अतिरेक भाषेतल्या उणिवेची भरपाई करू शकत नाही. म्हणून ध्येय एकाच एकूण आकड्यात मांडणे पुरेसे नाही. ते विभागवार मांडले पाहिजे, आणि ज्या विभागात प्रगती मंद असते त्याला मुदतीचा मोठा वाटा आधीच तोडून दिला पाहिजे.

या तिन्ही बाबी एकत्र केल्या म्हणजे जे निघते तो एक बिंदू नसून एक पट्टा असतो. त्याच्या खालच्या टोकाला तो अंक, ज्याच्या खाली आपल्या यादीतल्या कोणत्याही संस्थेचे बोलावणे संभवत नाही. वरच्या टोकाला तो, जो आपल्या सरासरीत मुदतीपुरती वाजवी वाढ मिळवून आणि दिवस चांगला गेल्यास हाती येईल. समजा, एखाद्या उमेदवाराची सरासरी आज नव्वदीच्या आसपास आहे, चार महिने हातात आहेत आणि पदवीचे गुण चांगले आहेत. त्याने पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव हा पट्टा धरावा, त्या पट्ट्यात बसणाऱ्या पाच-सहा संस्था निवडाव्यात आणि त्यांच्या अर्जांचे शुल्क भरावे. नव्याण्णवाच्या पुढचे काही लाभलेच तर तो नफा समजावा, पण त्यावर घराचा कारभार उभा करू नये. आणि परीक्षागृहात शिरताना हा पट्टाही विसरून जावा. तेथे सोबत न्यावयाची ती एकच गोष्ट, प्रत्येक विभागात किती प्रश्न निर्दोष सोडवायचे ही संख्या, कारण तेवढीच आपल्या ताब्यात आहे. पर्सेंटाइल इतर लाखो उमेदवार ठरवतात. आपले प्रश्न आपण ठरवतो.

या विचारावर दुसऱ्या बाजूनेही एक आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो. वास्तवाचा असा हिशेब मांडण्याची सवय लागली म्हणजे ज्यांच्या घरात, गावात, तालुक्यात अशा संस्थेत कोणी गेलेलेच नाही, ते विद्यार्थी आपले ध्येय स्वतःहूनच खाली आणतील. ज्यांना मोठी स्वप्ने पाहण्याची सवय आहे तेच पुढे जातील. आणि ‘वास्तव’ हा शब्द गरिबांसाठी कुंपण होईल, अशी ही भीती आहे. भीती निराधार नाही. परंतु तिचे निवारण हिशेब टाळून होत नाही, पुरा मांडून होते. तालुक्याच्या ठिकाणचा हुशार विद्यार्थी बहुधा खाली पाहतो तो हिशेब केल्यामुळे नव्हे. त्याला आपल्या प्रवर्गाची मर्यादा ठाऊक नसते, आपली शैक्षणिक कारकीर्द किती वजनाची आहे हे ठाऊक नसते, शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज यांची तजवीज ठाऊक नसते. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क पंचवीस लाखांच्या वर आहे, एवढा एकच आकडा त्याच्या कानी पडतो आणि तो दार लोटून घेतो. राज्यातील शासकीय व विद्यापीठीय संस्थांचे शुल्क त्या मानाने पुष्कळच कमी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्यापुढे खरा हिशेब ठेवला तर पुष्कळदा त्याचे ध्येय वर जाईल. वास्तव जाणणे म्हणजे नमते घेणे, ही समजूत ज्यांना सर्व माहिती सहज उपलब्ध असते अशांनी पसरवलेली आहे. ज्यांना ती उपलब्ध नसते त्यांच्यासाठी वास्तव हेच बहुधा सर्वांत मोठे प्रोत्साहन ठरते.

राहता राहिला प्रश्न दुसऱ्या प्रयत्नाचा. नव्याण्णवाचा आग्रह सर्वांत महाग पडतो तो येथे. नोकरी सोडून अथवा पदवीनंतर वर्ष मोकळे ठेवून पुन्हा परीक्षेस बसण्याचा निर्णय निकालाच्या रात्री, अपमानाच्या भरात घेतला जातो, आणि अपमान हा सल्लागार म्हणून फार वाईट. पुन्हा बसणे चूक नव्हे. पण त्याची अट आधीच लिहून ठेवलेली असावी. अंक पट्ट्याच्या खालच्या टोकाच्याही खाली राहिला आणि त्याचे कारण सुधारता येण्याजोगे असले, म्हणजे आजारपण, सरावाची अपुरी मुदत, एखाद्या विभागातली निश्चित उणीव, तर पुन्हा बसावे. अंक पट्ट्यात आला असेल तर जी संस्था मिळाली तीत जावे. व्यवस्थापनाच्या पदवीची किंमत नंतरच्या तीस वर्षांच्या कामाने ठरते, आणि एका वर्षाच्या पगाराचा व उमेदीचा तोटा दोन-तीन पर्सेंटाइलने भरून निघत नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच की, पुढच्या ऑगस्टमध्ये मुलाला किंवा मुलीला ‘टार्गेट किती?’ असे विचारण्यापूर्वी तुम्ही त्यांच्या शेजारी बसून या तीन बाबी कागदावर मांडाव्यात. आणि उमेदवारांना असे सांगणे आहे की, तो कागद तुमच्याच हस्ताक्षरात असू द्या, त्याच्यावर तारीख घाला, आणि निकाल लागेल त्या दिवशी लोकांच्या तोंडचा आकडा न पाहता तुमचा अंक त्या कागदाशी ताडून पाहा. त्या पट्ट्यात तो आला असेल, तर तुम्ही यशस्वी झाला आहात. मग शेजाऱ्याचा मुलगा किती पुढे गेला याची चौकशी करण्याचे तुम्हाला काही कारण नाही.